वयाच्या क्रमाने

"जास्त शेतीवाले वरते घे वं बाई, आन् त्यातले शेती करनारे काढून टाक," मैनाबाईंनी फर्मान सोडलं.

कोकिळाने हसू दाबलं आणि माऊस फिरवला. मारेगावच्या या वधू-वर सूचक केंद्रात नोकरीला लागल्यापासून तिने ही फर्माईश इतक्यांदा ऐकली होती की, पडद्यावर त्यासाठी वेगळं बटणच करून घ्यावं असं तिला वाटे. जावयाला शेती भरपूर हवी, पण त्याने ती करायची मात्र नाही. संगणकाला त्याचं काही वाटत नाही. तो बिचारा सांगितलं ते शोधतो आणि सांगितलेल्या क्रमाने लावतो. पान क्षणभर पांढरं झालं आणि मुलं नव्याने मांडून आली. सगळ्यांत वर वणीकडचा एक जण होता. घरी मोप शेती, स्वतः पुण्याला कंपनीत.

"हा पाह्य, कसा देखना हाय!" मैनाबाई खूश झाल्या. त्यांची मुलगी अजून कॉलेजातच होती.

तेवढ्यात बबनराव दारात चपला काढून आत आले. कोकिळा दचकली. लेक कामाला असते तिथे बापाने जाऊन बसू नये, असा तिच्या वडिलांचा नेम होता.

"बाबा, तुमी? घरी काही झालं काय?"

"घरी काय होते? तुह्यं काम होऊ दे."

मैनाबाई गेल्या. केंद्राचे मालक मारोतराव चहाला बाहेर पडले. मग बबनरावांनी स्टूल जवळ ओढलं आणि खिशातून मोबाईल काढला.

"रोज सांजच्याला तुह्या केंद्राचं पान पाह्यतो मी. सरकवू सरकवू अंगठा दुखते, पन तू काही दिसत नाही. अर्ध्यात रेंज जाते, मंग पुन्हा पयल्यापासून."

कोकिळाचा हात माऊसवर तसाच राहिला.

केंद्राच्या पानावर मुली वयाच्या क्रमाने लागत, सगळ्यांत लहान ती सगळ्यांत वर. मुलाकडच्यांना तसंच हवं असे. खाली गेलं की 'आणखी दाखवा' दाबायचं, म्हणजे आणखी थोड्या मुली उघडत. कोकिळाने अडतिशी ओलांडली होती. नोकरीला लागली तेव्हाच तिचं नाव या पानावर आलं होतं, फोटो बाबांनीच निवडला होता. पुढे नव्या मुलींची नावं ती स्वतःच्या हाताने भरत गेली, आणि प्रत्येक नाव तिला एक पायरी खाली ढकलत गेलं. समोरचा म्हणे, 'तिशीच्या आतल्याच दाखवा,' आणि ती स्वतःच बटण दाबून स्वतःला पानावरून घालवी. खोटं कशाला सांगायचं, सुरुवातीला ती रडायचीसुद्धा. मग गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी तिने आपलं नाव कायमचं काढून टाकलं. मारोतरावांच्या ते ध्यानातही आलं नाही. त्या दिवशी ती गुणगुणत घरी गेली होती. बाबांना मात्र तिने सांगितलं नव्हतं.

"उलटं लावता येत नाही काय?" बबनराव विचारत होते. "जिनिंगवर कापूस मोजाले कसं, ज्याची गाडी आधी लागली त्याचा काटा आधी. तू तर सगळ्याइच्या आधीची."

नाव परत भरायला कितीसा वेळ लागला असता? माहिती पाठ होती, फोटोही होता. म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटलं असतं. तिने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने क्रम उलटा केला.

सगळ्यांत मोठी मुलगी वर आली. बबनरावांनी चष्मा चढवला आणि ओठ हलवत नाव वाचलं, मग वय.

"हे तर छत्तीसची हाय. मंग तू..."

"मी काढलं बाबा माह्यं नाव. दिवाळीनंतरच."

"कोन म्हनलं काढाले?"

"कोनीच नाही. मलेच नोको होतं. मी आता बरी हावो बाबा, खरंच. तुमाले सांगाची हिंमत होत नव्हती. तुमी आस लावून बसले होते."

बबनरावांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"रागावले काय?"

"नाही वं माय. मले रोज वाटे, माही पोरगी एवढी कशी खाली गेली. जेवन गोड लागत नव्हतं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तू खाली नव्हतीच."

कोकिळाने पदर डोळ्यांना लावला. मारोतराव परत आल्यावर, सुटायच्या वेळी, तिने संगणक बंद केला. खिळ्याला अडकवलेली तिची लाल पर्स बबनरावांनी उतरवली, आपल्या खांद्याला लावली आणि ते चालू लागले. बाजारातून जाताना पानठेल्यावरची माणसं वळून वळून पाहू लागली.

"बाबा, द्या न इकडे. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे," बबनराव म्हणाले.