लोखंडाचा पापुद्रा आणि उलटा चुंबक

मी लोखंडाचा पापुद्रा बोलतोय. केसाच्या जाडीत माझ्यासारखे सोळा हजार मावतील. निर्वात भांड्यात नखाएवढ्या स्फटिकाच्या चकतीवर लोखंडाची वाफ बसली, तिच्यावर प्लॅटिनमची, आणि मी जन्मलो. मला घडवणारी मुलगी तीन वर्षं या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी झिजत होती.

माझं काम एवढंच, शेजारी चुंबक ठेवला की लेसरचा झटका सोसायचा. सेकंदाच्या लाख कोटीव्या हिश्शात माझं चुंबकत्व ढासळतं आणि अंगातून टेराहर्ट्झ लहर निघते, डोळ्यांना न दिसणारी, प्रकाशाचीच भावंड. पडद्यावर तिचा भलामोठा उंचवटा दिसला तेव्हा तिचे मार्गदर्शक सर हरखले. शोधनिबंध लिहून झाला.

पाठवायच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "सर, चुंबक उलटा करून आपण पाहिलंच नाही. लहर खरंच चुंबकत्वाची असेल तर तीही उलटायला हवी, उंचवट्याचा खड्डा व्हायला हवा."

"अगं, उलटेलच की! दोन वाजेपर्यंत पाठवायचंय. आता कशाला नसती उठाठेव?"

"न बघता पाठवायला मन धजत नाही, सर."

सर घड्याळ बघत निघून गेले. तिने स्क्रू सैल केले, चुंबक फिरवला, झटका दिला. उंचवटा जिथल्या तिथे! चुंबक खरंच फिरलाय ना, ते तिने पुन्हा तपासलं. तीन वर्षं पाण्यात?

बऱ्याच वेळाने तिने दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. केसभर फरक होता; तेवढाच कदाचित माझा. तो नीट दिसायला लेसर वाढवावा लागणार होता, आणि मी जळण्याची भीती होती. निर्वात भांडं महिनाभर बंद पडलेलं. नवा पापुद्रा होणार नव्हता, आणि माझा जोडीदार कुठेच नव्हता.

"सांभाळून घे रे बाबा," ती पुटपुटली.

लेसर वाढला. अंगाची लाही झाली. चुंबक सरळ, चुंबक उलटा, पुन्हा सरळ. बारीकशी लहर दर वेळी उलटली. चौथ्या खेपेला मी मधोमध जळालो.

दीडला सर आले. "झालं का?"

"मोठा उंचवटा स्फटिकाचा आहे, सर. आपला जेमतेम विसावा हिस्सा. निबंध चुकलाय."

सरांनी स्टूल ओढलं. "पाठवू नकोस. दाखव मला, पहिल्यापासून."

सहा महिन्यांनी छोटा निबंध गेला. खरा.

मी आता प्लॅस्टिकच्या डबीत आहे. उजेडात धरलंत तर माझ्या भोकातून पलीकडचं दिसतं. मला जपाच असा हट्ट नाही. फक्त डबीवर कुणीतरी 'खराब' लिहिलंय, तेवढं खोडा.