बुटांशेजारची बॅटरी

मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, पण भंगार म्हणू नका. मी जपानच्या उत्तरेकडल्या आसाहिकावा गावातली एक जुनी, चौकोनी तोंडाची छोटी गाडी आहे. कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी एका रांगेत जन्मल्या, त्यामुळे तिथे कुणी कौतुक केलं नाही. कौतुक झालं ते टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकणाऱ्या कागेयामांकडे. ते मला रोज धुवायचे. आम्ही भोंगा वाजवत गल्लीत शिरलो की बायका भांडी घेऊन दारात यायच्या. पुढे मोठ्या दुकानांत टोफू स्वस्त मिळू लागला, कागेयामा थकले आणि मी त्यांच्या शेडमागे जाऊन पडले. चाकांभोवती गवत वाढलं. एक मांजर माझ्यात व्यायली, तेवढीच काय ती सोबत.

मग एका वसंतात त्सुनेओ आजोबा आले आणि मला घेऊन गेले. डोंगरावरचा रोपवे चालवून ते निवृत्त झाले होते. बोलणं कमी, हट्ट फार. त्यांच्या पत्नी हिसाको आजींची फुप्फुसं दुबळी झाली होती. एक यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीने त्यांच्या नाकाशी पोचवायचं. यंत्राला वीज हवी, म्हणून आजींना घर सुटेना. त्यांची थोरली बहीण योशिए दूर उत्तरेला, समुद्रकाठी राहायची. गुडघ्यांमुळे तिलाही घर सुटेना. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की आजी बराच वेळ गप्प बसायच्या. ते गप्प बसणं आजोबांना पाहवेना. घरची वीजच गाडीत न्यायची, असं त्यांच्या मनाने घेतलं.

त्यांनी जेवणाचं टेबल अडवलं. यंत्र रात्रभर किती वीज खाईल, लिथियमची बॅटरी केवढी लागेल, माझ्या टपावर सौरपट्ट्या किती मावतील, सगळं मांडून पाहिलं. आमच्याकडे थंडीत सूर्य जेमतेम डोकं वर काढतो, म्हणून चालत्या इंजिनावरही बॅटरी भरेल अशी सोय धरली. रात्री इंजिन चालू ठेवायचा प्रश्नच नव्हता. वाटेतल्या विसाव्याच्या तळावर शेजारच्या गाड्यांत झोपलेल्यांची झोप मोडायची म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही. शेगडीही बाद, कारण प्राणवायूजवळ ज्योत चालत नाही.

आजींनी डोकावून पाहिलं. "अहो, यात भाताचा कुकर कशाला?"

"सकाळी गरम भात नको?"

"तो किती वीज ओढतो बघा. मी श्वास घ्यायचा की तुम्ही भात खायचा, ते एकदा ठरवून टाका."

आजोबांनी डोकं खाजवलं. "बरं, भाताचे मुटके नेऊ. पण आत आलुबुखारचं लोणचं हवं."

"लोणच्याला वीज लागत नाही. न्या."

त्यांनी माझ्या पोटात फळ्यांचा ओटा केला, त्यावर चटया अंथरल्या आणि सरकत्या दाराशी बूट काढायला खालची जागा ठेवली. बॅटरी कुठे ठेवायची, यावर मात्र दोघांनीही क्षणभर विचार केला नाही. गाडीचा काळा, जड भाग चटईवर कोण चढवतो? ती बुटांशेजारी गेली.

हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही निघालो. आजींना फार वेळ बसवत नव्हतं, म्हणून वाटेत दोन मुक्काम होते. पहिली रात्र छान गेली. यंत्र घुरघुरत राहिलं, आजी शांत झोपल्या. सकाळी माझ्या काचांवर हिम साचलं होतं. ऊन टपावरच्या सौरपट्ट्यांवर आलं, पण बॅटरी वीज घेईना. आजोबांनी इंजिन सुरू केलं, तरी घेईना. तारा पाहिल्या, फ्यूज पाहिला. सगळं जागच्या जागी. उरलेली वीज आणखी एका रात्रीला पुरणार नव्हती. सोबतचं प्राणवायूचं सिलिंडर होतं, पण ते घरी पोचण्यापुरतंच.

"परत फिरू," आजोबा म्हणाले.

"ताईला काय सांगू?"

"सांग, नवऱ्याला जमलं नाही."

बूट घालायला आजी ओट्याच्या कडेशी बसल्या आणि आधाराला त्यांनी बॅटरीच्या खोक्यावर हात टेकला. लगेच मागे घेतला.

"अहो, ही नुसती बर्फ झालीय."

आजोबा होते तिथेच थांबले. लिथियमची बॅटरी गोठली की वीज देते, पण घेत नाही. तशात घेतली तर तिला इजा होते, म्हणून ती स्वतःच दार लावून घेते. हे त्यांनी वाचलं होतं. पण बॅटरी गाडीच्या आत आहे, मग तिला कसली थंडी, असं ते धरून चालले होते. दाराशी माझी फटीतून वारा खाणारी जागा आहे, हे मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण सांगणार कशी?

"आत घ्या तिला. माझ्या अंथरुणात," आजी म्हणाल्या.

"चटईवर?"

"पुसून घ्या. पाहुण्यांचे पायसुद्धा इतके स्वच्छ नसतात."

यंत्र बंद करून आजी सिलिंडरवर श्वास घेत बसल्या. आजोबांनी बॅटरी उचलून आत घेतली. तारा जेमतेम पुरल्या. विसाव्यातल्या दुकानातल्या बाईंनी पिशवीत कोमट पाणी भरून दिलं. आजींनी ती बॅटरीशेजारी ठेवली आणि वरून रजई पांघरली. आजोबा शेजारच्या गाडीपुढे वाकून इंजिनाच्या आवाजाची माफी मागून आले आणि त्यांनी माझा हीटर लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. आजी रजईखाली हात घालून बसल्या होत्या. मी जीव तोडून ऊब देत होते. हे जमलं नाही, तर त्या दोघी बहिणी पुन्हा भेटायच्या नाहीत, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मग छोट्या पडद्यावरचा आकडा हलला.

"घेतेय," आजोबा म्हणाले.

"मग बघत काय बसलात? चला उत्तरेला."

तिसऱ्या दिवशी योशिए आजींच्या अंगणात मी उभी राहिले. त्यांना माझ्यात चढवेना, म्हणून दारात खुर्ची आणली. हिसाको आजी ओट्याच्या कडेला बसल्या. "या थंडीत एवढ्या लांब यायचं काही अडलं होतं का?" योशिए आजी रागावल्या, आणि त्यांनी धाकटीचा हात संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, जुन्या गाड्या धुवा, बॅटऱ्यांना थंडी-उन्हात जपा. माझं तेवढंच मागणं असायला हवं. पण आणखी एक मागते. तुमच्या घरात कुणी आजारी माणूस एका खोलीत बसून असेल, तर त्याला नुसतं "कसं वाटतंय" विचारू नका. "कुठे जायचंय" असं विचारा. त्याला चटकन सांगता येणार नाही. जरा थांबा.