तिसऱ्या रात्रीचा लघुग्रह

आमच्या घरात यंत्राला जेवढा मान आहे तेवढा माणसाला नाही. खंडेनवमीला अक्कलकोट रोडच्या कारखान्यातले टॉवेलचे माग आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवून पूजतात. दसऱ्याला सुरू केले की पहिलं बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, संपेपर्यंत थांबवत नाहीत. ही सासऱ्यांची रीत. ते गेले, पण थोरले दीर चन्नप्पा ती अजून देवासारखी पाळतात.

माग बंद होते त्या दोन रात्रींत माझ्या नवऱ्याला, सिद्धलिंगला, कारखान्याच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून लघुग्रह सापडला. फोटोंत ताऱ्यांमधून सरकणारा ठिपका, कुठल्याच यादीत नसलेला. उजेड कमी-जास्त होत होता, म्हणजे बटाट्यासारखा लांबट असून गिरक्या घेत असणार. या छंदापायी जन्मभर लोकांचं हसू सोसलेला माणूस, आनंदानं जेवलाही नाही.

पण दोन रात्रींवरून कक्षा पक्की होत नाही. तिसरी नोंद नाही मिळाली तर तो कुठे गेला हे कुणालाच कळत नाही. माग सुरू झाले, गच्ची थरथरू लागली आणि फोटोत ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटू लागल्या. रोज संध्याकाळी तो पश्चिमेला आणखी खाली जात होता. उद्या मावळतीच्या उजेडात बुडणार होता.

"अण्णा, अर्धा तास माग थांबवा की," सिद्धलिंग दिरांच्या पायाशी बसला.

"बीम उतरू दे, तम्मा." धाकट्या भावाला ते तम्माच म्हणतात. " आप्पांची रीत हाय. दगड कुटं पळून जातोय?"

"पळूनच चाललाय, अण्णा."

पन्नाशीचा माणूस जिन्यात ढसाढसा रडला. दिरांचा मला भयंकर संताप आला. त्याला हाताला धरून वर नेलं. अंधार पडताच त्यानं दुर्बीण नेमकी रोखली आणि तेवढ्यात खालचा खडखडाट थांबला.

सिद्धलिंगनं माझा हात घट्ट धरला. मग कॉम्प्युटरचा पडदा काळा झालेला दिसला. दुर्बिणीची मोटरही बंद. दिरांनी मेन स्विच ओढला होता आणि गच्चीची वीज त्याच मेनवर होती. पुन्हा सगळं जुळवायला तास गेला असता. लघुग्रह तर पाण्याच्या टाकीमागे उतरत होता.

दीर धापा टाकत वर आले. डोळे पाणावलेले.

"आप्पांना काय म्हणायचं ते म्हणू देत. दिसतंय का आता?"

सिद्धलिंगनं दुर्बिणीवरच्या, नेम धरायच्या छोट्या नळीला डोळा लावला. तिच्यातून इतका अंधुक ठिपका दिसणं शक्यच नव्हतं. बराच वेळ काढला नाही.

"व्हय, अण्णा. लई स्पष्ट."

"मग त्याला आप्पांचंच नाव दे की," दीर म्हणाले. "रुद्रप्पा."

सिद्धलिंगनं होकाराची मान डोलावली आणि दुर्बिणीला टोपण घातलं.