मोंतेआल्कोनांचं नाववाचन

लेआंद्रो मोंतेआल्कोननं माणूस धाडून बोलावलं, तेव्हा कासिल्दा चर्चच्या मागच्या खोलीत वेदीवरच्या पांढऱ्या कापडांना इस्त्री करत होती. तिनं घाई केली नाही. उरलेली दोन कापडं नीट घडी घालून ठेवली, हात पुसले आणि मनात म्हणाली, आलास ना शेवटी वळणावर. सदतीस वर्षं लागली, पण आलास.

डूख धरावा तर कासिल्दानं. आल्मासेदा गावात सगळ्यांना ती देवभोळी, मुकी मुकी बाई वाटायची. फुलदाण्या घासते, मेणबत्त्या लावते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डोंबल! आत निखारा होता, आणि रोज फुंकर घालून तिनं तो जिवंत ठेवला होता.

मोंतेआल्कोनांच्या घराच्या पुढच्या दारावर दगडी ढाल आहे. ढालीवर डोंगर, डोंगरावर ससाणा. यांचा मूळपुरुष म्हणे राजाच्या सैन्याबरोबर इथं उतरला, ससाण्यांच्या डोंगरावरचा बुरूज एकट्यानं जिंकला, आणि राजानं त्या डोंगराचंच आडनाव त्याला दिलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ, कारण दर पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, ती ऐकावीच लागते. चर्चमधल्या सगळ्यात जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत हाच मूळपुरुष खेचरं हाकणारा म्हणून नोंदलाय, हे फक्त कासिल्दाला ठाऊक. जुन्या पाद्रीबुवांची नजर गेली, तेव्हा त्या वह्या तीच त्यांना वाचून दाखवायची.

दारात मोलकरणीनं अडवलं. "मागून या हो, कासिल्दाताई. रीत आहे ना."

"मागच्या दारानं माझी बहीण आत गेली होती," कासिल्दा म्हणाली. "मी पुढच्यानंच जाणार. बाजूला हो."

लेआंद्रो दिवाणखान्यात खुर्चीत बसला होता. पासष्टीचा गडी, पण चार महिन्यांत पार वाळून गेला होता. बायको आधीच गेलेली, आणि मार्चमध्ये एकुलता एक मुलगा नदीच्या वळणावर मोटार उलटून गेला. बहिणींची मुलं ढीगभर, पण ती त्यांच्या बापांच्या आडनावाची. मोंतेआल्कोन आता अख्ख्या प्रांतात एकच उरला होता, आणि तो समोर बसून खोकत होता.

"बस, कासिल्दा."

या घरात तिला कुणी बस म्हणण्याची ही पहिली वेळ. ती उभीच राहिली.

लेआंद्रोनं चांदीची डबी उघडून अर्धा फाडलेला खेळायचा पत्ता टेबलावर ठेवला. इकडच्या पत्त्यांतला पेल्यांचा गुलाम. वरचा अर्धा भाग, टोपी आणि पेल्यासकट. कासिल्दानं चेहरा हलू दिला नाही.

"खाएन शहरात गेलो होतो, अनाथगृहात," तो म्हणाला. "सिस्टरांनी जुनी वही काढून दिली. तारीख जुळते. मुलाबरोबर हे टाचलेलं होतं. पुढच्या वह्या युद्धात जळल्या, त्यामुळे त्याला नाव काय दिलं, कुठं धाडलं, काही कळत नाही. दुसरा अर्धा तुझ्याकडे आहे. आणि तो कुठं आहे, हेही तुला माहीत आहे."

"कशावरून?"

"त्याला तिथं नेलंस तूच."

हो, नेलं होतं तिनंच. हेच तर तिला आयुष्यभर खात होतं.

तिची थोरली बहीण रेमेदिओस याच घरात स्वयंपाकाला होती. एकोणीस वर्षांची. लेआंद्रोनं तिला काय काय वचनं दिली ते देव जाणे. पोर झालं, आणि चौथ्या दिवशी लेआंद्रोच्या आईनं गाडी जुंपायला लावली. रेमेदिओस लेआंद्रोच्या पाया पडली, म्हणाली, निदान माझ्याजवळ राहू दे. आणि हा शहाणा काय म्हणाला? "तुमच्या घराण्याला नवीन काय आहे त्यात? आडनाव तर आधीपासून तयारच आहे." पत्ते पिसत होता तेव्हा. रेमेदिओसनं त्याच्याच हातातला पत्ता ओढून घेतला, टर्रकन फाडला, एक तुकडा बाळाच्या दुपट्ट्यात खोचला. मूल सोडावं लागलं की आया असंच करायच्या. पुढे कधी दिवस फिरलेच, तर दोन तुकडे जुळवून मूल परत मागता यायचं.

बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसवलं कासिल्दाला. चौदा वर्षांची होती ती. अनाथगृहाच्या भिंतीत लाकडी फिरतं कपाट होतं. बाहेरून मूल ठेवायचं, घंटा वाजवायची, कपाट आत फिरायचं. कोण आलं, कोण गेलं, आतल्यांना दिसायचं नाही. शेकडो वर्षं मुलं तशीच आत गेली, आणि त्यांना सरसकट एकच आडनाव मिळालं: एक्स्पोसितो. म्हणजे उघड्यावर ठेवलेला. कासिल्दाचा आजोबाही त्याच कपाटातून आलेला. त्या डोंगराळ मुलखात दर गावात एक्स्पोसितो सापडतील. एकट्या आल्मासेदात अकरा घरं. काहींनी लाजेपोटी नाव बदलून घेतलं, कायद्यानं तशी सवलतही दिली. बाकीचे तेच नाव लावून मुलं वाढवत राहिले, आणि मोंतेआल्कोन एकेक करून संपत गेले.

कासिल्दानं स्वतःच्या हातानं घंटा वाजवली. त्या रात्री गाडीवान शहरातच मुक्कामाला राहिला. सकाळी परत निघताना तिनं पाहिलं, अनाथगृहाच्या दारातून चुनाभट्टीवाल्याची बायको बाहेर पडत होती, दूध पाजायला मूल घेऊन. मुलाभोवती रेमेदिओसची हिरवी शाल होती. बाई शेजारच्याच गावची. कासिल्दानं घरी येऊन बहिणीच्या कानात ते सांगितलं, पण तोवर रेमेदिओस तापानं फणफणली होती. आठवड्यात गेली. पत्त्याचा दुसरा तुकडा कासिल्दाकडे राहिला.

"काय पाहिजे तुला?" लेआंद्रो विचारत होता. "माग. घर त्याला देतो. बागा देतो. माझं नाव देतो, नोटरीसमोर. फक्त नाव सांग त्याचं. मी मेलो की ही ढाल मुकी होईल गं. पाचशे वर्षांचं आडनाव!"

"पंधरा ऑगस्टला नाववाचन आहे ना, मालक?"

"आहे."

"त्यात माझ्या बहिणीचं नाव वाचायचं."

लेआंद्रोच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. नाववाचन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मेरीमातेच्या सणाला प्रार्थना संपली, की घराण्याचा कर्ता वेदीच्या पायरीवर उभा राहतो आणि मूळपुरुषापासून एकेक मेलेल्याचं नाव मोठ्यानं घेतो. प्रत्येक नावाला सारं गाव उत्तर देतं, "देव त्याला जवळ घेवो." त्या यादीत मोंतेआल्कोनाखेरीज कुणाचं नाव कधी आलेलं नाही. लग्नाच्या बायकांचंसुद्धा नाही.

"वेड लागलंय तुला?"

"नुसतं नाव चालणार नाही. माझ्या मुलाची आई, असं म्हणायचं. आणि त्या मुलाचं काय केलंत तेही सांगायचं. सगळ्यांसमोर. मग मी दुसरा अर्धा तुमच्या हातात ठेवीन आणि माणूस दाखवीन."

"कासिल्दा, मी हात जोडतो."

"ती तर पाया पडली होती," कासिल्दा म्हणाली आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, बायकांच्या हातातले पंखे फडफडत होते. पुढच्या बाकांवर जमीनदार, डॉक्टर, नोटरी. मागे शेतमजूर, आणि त्यांच्यातच एक्स्पोसितोंची घरं. खांबाजवळ तोरिबिओ उभा होता, बायको आणि चार पोरांसह. लेआंद्रोच्या बागेत काठीनं ऑलिव्ह झोडपणाऱ्या टोळीचा तो मुकादम. लग्नानंतर गावात आला, त्याला बारा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात एक फांदी मोडली, तर लेआंद्रो सगळ्या टोळीसमोर त्याला म्हणाला होता, "टाकलेल्या पोरांना झाडाची काय किंमत कळणार?" तोरिबिओनं दात आवळून काठी उचलली आणि पुढच्या झाडाकडे गेला. कासिल्दाला त्या संध्याकाळी हसू आवरेना. स्वतःच्याच रक्ताला शिव्या घालतोय मूर्ख! थांब म्हणावं.

लेआंद्रो पायरीवर चढला. एकेक नाव घेत गेला, गाव उत्तर देत गेलं. तेविसावं नाव त्याच्या मुलाचं. मग तो थांबला. पंखेही थांबले. त्याची नजर कासिल्दाला शोधत आली. ती वेदीच्या बाजूला हाताची घडी घालून उभी होती. तिनं मान हलवली: बोला.

"रेमेदिओस," तो म्हणाला. "रेमेदिओस एक्स्पोसितो. माझ्या मुलाची आई. ती माझ्या घरी चाकरीला होती. मी तिला फसवलं. तिचं मूल, माझं मूल, चौथ्या दिवशी मी खाएनच्या कपाटात ठेवायला धाडलं. ती पाया पडली आणि मी पत्ते पिसत होतो."

पुढच्या बाकांवरून कुणी हूं की चूं केलं नाही. नोटरीची बायको तर कुणी थोबाडीत मारल्यासारखी बसली होती. आणि मग मागून, खांबांच्या पलीकडून, अकरा घरांचा आवाज एकदम उठला: "देव तिला जवळ घेवो!" छतावरची कबुतरं उडाली. कासिल्दाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ऐकलंस ना गं, रेमे? ऐकलंस ना?

तिनं खिशातल्या रुमालातून दुसरा तुकडा काढला, लेआंद्रोच्या हातावर ठेवला. गुलामाचे पाय गुलामाच्या धडाला जुळले. म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.

"कुठंय? कोण आहे तो?"

"लांब जायला नको," कासिल्दा मोठ्यानं म्हणाली, कारण हा घास तिला गावासमोर खायचा होता. "गेल्या हिवाळ्यात ज्याला टाकलेलं पोर म्हणालास ना, तोच. तोरिबिओ."

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. तोरिबिओची टोपी हातातच राहिली. लेआंद्रो बाकांना धरत धरत त्याच्यापर्यंत गेला. "माझ्या लेकरा! नोटरी इथंच आहेत. आजच कागद करू. तू मोंतेआल्कोन, तुझी पोरं मोंतेआल्कोन. घर तुझं, बागा तुझ्या."

तोरिबिओनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग नोटरीला विचारलं, "साहेब, मी मोठा माणूस. यांनी मला मुलगा म्हटलं, तर माझी संमती लागते का?"

"लागते," नोटरी म्हणाला. "तुझ्या सहीशिवाय काही होत नाही."

"आणि माझ्या आईचं आडनाव काय म्हणालात, मालक?"

"एक्स्पोसितो."

"तिचं खरंच होतं ते? मला दिलं तसं नाही?"

"तिच्या आजोबांपासूनचं," कासिल्दा म्हणाली.

तोरिबिओ हसला. कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. "म्हणजे मी आजवर आईचंच नाव लावतोय की! आणि मला वाटायचं, भिंतीनं दिलंय." त्यानं टोपी डोक्यावर ठेवण्यासाठी उचलली, चर्चमध्ये आहोत हे आठवून पुन्हा खाली घेतली. "नको, मालक. मला आडनाव आहे. माझ्या पोरांनाही आहे. तुमचं तुमच्याकडेच ठेवा."

लेआंद्रो मटकन जवळच्या बाकावर बसला. झालं. पाचशे वर्षं त्या 'नको'बरोबर संपली, आणि कासिल्दानं ती संपताना डोळे भरून पाहिली. याच क्षणासाठी ती जगली होती. ती पुढे झाली, भाच्याचा हात धरायला.

तोरिबिओनं हात मागे घेतला.

"काकू, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून, बाळा."

"दर वर्षी तुम्ही सुकी अंजिरं घेऊन आमच्याकडे यायचात. मी सात वर्षांचा होतो. भट्टीच्या पायरीवर बसून मी तुम्हाला विचारलं होतं, माझी आई कोण, तुम्हाला ठाऊक आहे का. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

कासिल्दाला आठवत होतं.

"म्हणालात, अंजीर खा."

"अरे, तेव्हा सांगितलं असतं, तर यांनी तुला दोन झाडं देऊन गप्प केलं असतं! मला यांना गावासमोर नाक घासायला लावायचं होतं. तिच्यासाठीच केलं मी हे, तुझ्या आईसाठी."

"यांचं मसणात जाऊ द्या," तोरिबिओ म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "मला सांगायचं होतंत. इथं कबरस्तानात तिची कबर आहे. बारा वर्षं मी रोज तिच्यावरून कामाला जातोय."

सदतीस वर्षं कासिल्दानं प्रत्येक उत्तर घोटून ठेवलं होतं, मालकाला काय म्हणायचं, थोरल्या मालकीणबाईंच्या कबरीला काय म्हणायचं. याच्यासाठी काही घोटावं, हे मात्र तिला कधी सुचलंच नव्हतं.

तोरिबिओनं लेआंद्रोच्या मुठीतून पत्त्याचे दोन्ही तुकडे काढून घेतले, खिशात ठेवले, आणि बायको-पोरांना पुढे घालून कबरस्तानाच्या दारानं निघून गेला. मागोमाग एक्स्पोसितोंची घरं उठली, मग बाकीचं गावही.

चर्चमध्ये दोघंच उरली. लेआंद्रो वेदीकडे पाठ करून बसला होता. वर न बघता तो म्हणाला, "बस, कासिल्दा."

या वेळी ती बसली. बसताना खिशातलं पुडकं मांडीला टोचलं. त्यात सुकी अंजिरं होती, आज त्याला मावशी म्हणून द्यायला आणलेली.