खिडकीजवळची खुर्ची

मी एक फिल्म बोलतेय. कृष्णधवल, चाळीस मिनिटांची. जन्म डेट्रॉइटचा, एकसष्ट सालचा. हॉलिवूडशी माझं काही नातं नाही. ऑर्विल टेट नावाच्या पोस्टमननं दर रविवारी, चर्चहून आल्यावर, मला आपल्याच स्वयंपाकघरात घडवलं. नट म्हणजे घरचीच माणसं: आई लुव्हीनिया आणि धाकटी बहीण क्लॉडीन.

टेट मंडळी काळ्या वंशाची. पण क्लॉडीन इतकी उजळ, की शहरातल्या एका मोठ्या दुकानानं तिला गोरी समजूनच हॅट विकायला ठेवलं होतं. काळ्या मुलींच्या हाती तिथे फार तर झाडू यायचा. आई दिसली तर बिंग फुटेल, म्हणून तिनं त्या दुकानाकडे फिरकायचं नाही, असं घरात ठरलेलं. मोठ्यानं मात्र ते कुणी बोलत नसे.

आणि ऑर्विल चुकला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्यानं कॅमेऱ्यासाठी उजेड मोजला, तो क्लॉडीनच्या उजळ गालावर. मी धुऊन आले, भिंतीवर लागले. लेक लख्ख, आणि आईचा काळा चेहरा अंधारात बुडालेला; तिच्या जागी नुसता झगा आणि दात!

"अरे, मी कुठाय यात?" आई म्हणाली. "सकाळपासून राबले मी, आणि दिसतेय ती तळलेली कोंबडी!"

ऑर्विल खो खो हसला. क्लॉडीन हसली नाही. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी ती खिडकीजवळच्या खुर्चीतून उठली. "आई, तू इथं बस. मी आत सरकते."

आता दोघी एकत्र स्वच्छ दिसू लागल्या. तीच हनुवटी, भुवई उडवायची तीच तऱ्हा. ऑर्विलनं कॅमेरा खाली घेतला.

"क्लॉडीन, आता आंधळासुद्धा सांगेल तू कुणाची लेक ते. दुकानातल्या कुणी पाहिलं तर?"

"तू उजेड मोज. आईच्या गालावर मोज."

मला आधी चर्चच्या तळघरात दाखवलं, मग एका कॉलेजात. तिथे दुकानातली एक बाई आली होती. सोमवारी क्लॉडीनला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

घरी येऊन ती तासभर रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "आई, कोट घाल. तुला हॅट घ्यायचीय."

"कुठून गं?"

"माझ्याच दुकानातून."

आता मी एका वाचनालयाच्या थंड खोलीत, डब्यात असते. अंगाला आंबूस वास येतो, कडा आक्रसल्यात. मला पुन्हा कधी लावलंत, तर आईचा चेहरा येईल तेव्हा तो नीट दिसावा म्हणून खोलीतले दिवे मालवा. तेवढं माझ्यासाठी करा.

मायलेकी हातात हात घालून दुकानात शिरल्या, ते मात्र माझ्यात शोधू नका. ऑर्विल तेव्हा टपाल वाटत होता.