निळ्या केबलचा साक्षात्कार

"आहाहा!"

सोफ्यावर, खुर्च्यांवर आणि उरलेले गालिच्यावर बसलेले सगळे पुरुष एकदम उद्गारले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना डोलताहेत. समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, मध्ये ॲम्प्लिफायर आणि त्याच्या मागून निघालेली मनगटाएवढी जाड निळी केबल. ती जमिनीला टेकू नये म्हणून खाली लाकडाचे चिमुकले ठोकळे लावले होते. टेकली की म्हणे नाद मळतो! घरी बायकोचे पाय सुजले तर उशी द्यायचं ज्यांना सुचत नाही, ते लोक केबलच्या पाठीची काळजी करत होते.

"मंडळी, हे स्पीकर तापट," दुकानदार सांगत होता. गिऱ्हाइकं त्याला नादमहर्षी म्हणत आणि तोही नको म्हणत नसे. "ॲम्प्लिफायर सोशिक. दोघांचा संसार टिकायचा तर मध्ये समजूतदार केबल हवी. खांबावरून येणारी वीज धावतपळत येते, दमलेली असते. तिला आधी शांत करावं लागतं."

"केबल शांत करते म्हणजे नक्की काय करते?" मागून एका बाईनं विचारलं.

"ताई, हा प्रश्न डोक्याला नाही, कानाला विचारा!"

सगळे हसले. तिचे बाबासुद्धा हसले, आणि तेच तिला लागलं.

कानाला विचारायचं तर तिचा धंदाच तो होता. कानाच्या दवाखान्यात ती लोकांची श्रवणशक्ती तपासायची. परक्या म्हाताऱ्यांना चुचकारून यंत्रासमोर बसवण्यात तिचा हातखंडा, पण स्वतःचे बाबा काही तिथे बसायला तयार नव्हते. घरातलंच माणूस, करणार काय?

आई गेल्यावर बाबांनी आईच्याच गाण्याची जुनी टेप काढली. त्यात आई सूर लावण्याआधी हलकेच श्वास घेते. पूर्वी तो ऐकू यायचा, आता येत नव्हता. बाबांनी दोष दिला प्लेअरला. मग स्पीकरला. मग ॲम्प्लिफायरला. प्रत्येक नवी वस्तू घरी आली की नादमहर्षी म्हणायचा, "काका, वस्तू उत्तम, पण जुळणी बिघडली!" आणि जुळणीसाठी आणखी काहीतरी लागायचं.

"बाबा, बारीक आवाज तुमच्या कानातून सुटलेत," तिनं किती वेळा सांगितलं होतं. "आत्ता श्रवणयंत्र लावलं तर कान सरावेल. उशीर केला तर मेंदूच ते आवाज ओळखायचं विसरेल. मग यंत्रही पुरतं कामाला येणार नाही."

"ही केबल लावून ऐकू आलं नाही ना, तर येतो तुझ्या दवाखान्यात. शब्द देतो."

म्हणून ती आज सोबत आली होती. आणि आज नेमकं बाबांना ऐकू आलं. जुनी केबल काढून निळी लावली, आईचं गाणं सुरू झालं आणि बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आला! अगं, श्वास आला!"

तिनं मात्र डोळे मिटले नव्हते. डोळे मिटून ऐकायचं, हा या लोकांचा शिरस्ता. उघड्या डोळ्यांनी ऐकणारा अडाणी. त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या कपाळावरचा आवाजाचा आकडा कोणी बघतच नव्हतं. केबल बदलल्यावर नादमहर्षीचा अंगठा रिमोटवर दोनदा दबला आणि आकडा वर सरकला, तो फक्त तिला दिसला. आवाज किंचित वाढला की माणसाला वाढलेला वाटत नाही, स्वच्छ झालेला वाटतो. हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होतं.

"पुन्हा एकदा तुलना करू," असं म्हणून त्यानं जुनी केबल परत जोडली. त्यासाठी दोन्ही हात लागतात, म्हणून रिमोट कपाटावर ठेवलेला. ती उठली आणि तिनं तो उचलला.

"आता निळी मी लावते. चालेल ना?"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? "अवश्य, ताई!" त्याचं तोंड मात्र कडू झालं.

सगळ्यांनी डोळे मिटले. ती ॲम्प्लिफायरमागे वाकली, उगाच खुडबुड केली आणि उभी राहून आकडा वर सरकवला.

"वा! आता कशी समोर येऊन गातेय!" गिऱ्हाइकांतले एक दातांचे डॉक्टर म्हणाले.

"श्वास," बाबा पुटपुटले.

"डोळे उघडा."

निळी केबल तिच्या खांद्यावर लोंबत होती. गाणं जुन्याच केबलमधून वाजत होतं. तिनं रिमोट दाखवला, आकडा खालीवर करून दाखवला. सगळे नादमहर्षीकडे बघू लागले.

मग नादमहर्षी हात जोडून हसला. "बघा मंडळी, संगतीचा गुण! नुसती शेजारी राहिली तरी जुनी केबल सुधारली!"

"तेच मी म्हणणार होतो," दातांचे डॉक्टर म्हणाले. लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, पुन्हा माना डोलू लागल्या. तिनं कपाळावर हात मारून घेतला. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

बाबांना घेऊन ती बाहेर आली. "फसवणूक आहे बाबा. दिसली ना तुम्हाला?"

"दिसली गं. मी काय आंधळा आहे?"

"मग चला दवाखान्यात. शब्द दिलाय तुम्ही."

"बाळ, केबल वाईट असली तर बदलता येते. कान वाईट असला तर मी काय करू?" बाबा म्हणाले. "मला तेवढी आशा तरी राहू दे." आणि ते तिचा हात सोडवून पुन्हा आत गेले, निळी केबल घ्यायला.

ती जिन्यात उभी राहिली. युक्ती तिनं पकडली होती, सगळ्यांसमोर उघडी पाडली होती, आणि तरी ती हरली होती. असं रडू आलं तिला!

तेव्हा मंडळी, तुम्ही तरी ऐका. तांब्याच्या तारेला ना स्वभाव असतो ना संसार. कोणी चमत्कार ऐकवू लागला तर डोळे उघडे ठेवा, दोन्ही वेळा आवाज सारखाच आहे का बघा, आणि कुठली तार जोडलीय हे न सांगता ऐकवायला लावा. एवढ्यानं बहुतेक महर्षी घरी जातील. आणि ऐकू कमी येत असेल तर कान तपासून घ्या. त्यात लाज कसली? चष्मा लावताना वाटली होती का? घरचं माणूस तुमची समजूत काढत वर्षभर थांबेल हो, पण कान थांबत नाहीत.