मान बरी होईपर्यंत

राणीसावरगावात मान अवघडली, पाठीत उसण भरली की लोक आधी पायाळू माणूस शोधतात. पायांकडून जन्मलेल्याची टाच दुखऱ्या जागी लागली की दुखणं उतरतं, असं सगळे मानतात. कमलबाईंच्या शेजारची शुभदा तशी पायाळू होती, पाचवीत शिकणारी. कमलबाईंची मान धरली तेव्हा शुभदाच्या आईनं, सवितानं, तिलाच धाडलं. तेव्हापासून पोर रोज सकाळी यायला लागली.

कमलबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्याकडे गाणी म्हणत, पाटीवर रेघोट्या ओढत मोठी झाली. आता घरात त्या एकट्याच. मालक गेले, लेक राजेश्री नाशिकला. लेकीनं फोन घेऊन दिला आणि कमलबाई त्यात अडकल्या. राजेश्रीनं स्टेटस टाकलं का, नातवाचा फोटो आला का, हे बघत दिवसभर मांडीवरच्या फोनवर वाकलेल्या. गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की हे दुखणं फोनचं आहे. फोन डोळ्यांसमोर धरा, हनुवटी आत ओढा, खांदे मागे घ्या. कमलबाईंनी मान डोलावली, जितकी डोलत होती तितकी, आणि घरी येऊन त्यातलं काही केलं नाही.

मान बरी झाली तर शुभदा कशाला येईल?

शुभदा यायची, भिंतीला धरून टाच हलकेच त्यांच्या मानेला टेकवायची आणि आपल्यालाच गुदगुल्या झाल्यासारखी हसायची. अख्ख्या दिवसात कमलबाईंना होणारा माणसाचा स्पर्श तेवढाच. मग बिस्किटं खात, शाळेची वेळ होईपर्यंत ती त्यांचाच फोन घेऊन बसायची.

एका सकाळी ऊन दारातून आत आलं आणि शुभदाची सावली भिंतीवर पडली. पोरीची मान फोनवर अशी लोंबली होती की कमलबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. रागावून लेकरू शिकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खडूचा तुकडा शोधला आणि सावलीच्या कडेनं रेघ ओढली.

"हे कोण ग?"

शुभदानं वर बघितलं. "कोंबडी. दाणे टिपायलीय."

"तूच हायस ती."

शुभदा ओशाळली, पण तिनं लगेच खडू हिसकावून घेतला आणि कमलबाईंना फोन घेऊन रोजच्यासारखं बसायला लावलं. तिनं ओढलेली रेघ पहिलीहून वाकडी निघाली.

"आजी, तुमी तर म्हातारी कोंबडी हाव. आदी तुमची नीट करा, मग मला सांगा."

लेकरांना काही शिकवायचं तर आधी आपण करून दाखवायचं, असं कमलबाईच नव्या सेविकांना सांगत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दोघी भिंतीला पाठ लावून बसू लागल्या. डोकं मागे टेकवायचं, हनुवटी आत, कान खांद्यांच्या सरळ वर. फोन बघायचाच तर समोर डब्यांवर उभा करून. कमलबाई जरा सैल झाल्या की शुभदा मास्तरीणबाईंसारखी खाकरायची. सावल्यांच्या नव्या रेघा हळूहळू सरळ यायला लागल्या. एक दिवस शुभदा टाच लावायची विसरली, आणि कमलबाईंच्या ते ती गेल्यावर लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात सविता शुभदाला घेऊन दारात आली. पोरीला नवोदयच्या परीक्षेची शिकवणी लावायची होती, आणि ती नेमकी सकाळची.

"पण तुमची मान दुखत असंल तर थांबते थोडं," सविता म्हणाली. "शिकवणी काय, पुढच्या महिन्यात बी लावता येतीय."

'दुखतीय' हा शब्द कमलबाईंच्या ओठांवर आलाच होता. सविता संशय घेणारी नव्हती. तिच्या बाजूला शुभदा उभी होती, हनुवटी आत, मान ताठ, आणि त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"बरी झाली ग," कमलबाई म्हणाल्या.

"खरंच का? का आमच्यासाठी म्हणायलाव?"

तेव्हा कमलबाईंनी तिला दाखवण्यासाठी मान डावीकडे पूर्ण वळवली, पार रस्त्यापर्यंत. मग उजवीकडे, घरातल्या रिकाम्या खोलीपर्यंत. कुठंच दुखलं नाही.